काळ्या दगडाचा पारदर्शक काप

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकायला बसलेल्या मुलाची पहिली अडचण म्हणजे त्याच्या पायाखालचा दगड. ग्रॅनाइटच्या मुलखातल्या विद्यार्थ्याचं बरं असतं. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चमचमणारा अभ्रक, सगळं नुसत्या डोळ्यांनी वेगळं काढता येतं. आपल्याकडे मात्र राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा. गडाचा तट त्याचा, जातं त्याचं, रस्त्याची खडीही त्याचीच. हातात घेतला तर काळा आणि जड; भिंग लावलं तरी काळाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक झाला आणि आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, हे पुस्तकात वाचून पाठ होतं. पण त्या काळ्या तुकड्यात पाहायचं काय, ते कळायला एकच वाट आहे. दगडाचा इतका पातळ काप करायचा की उजेड त्याच्या आरपार जावा. जाडी ०.०३ मिलिमीटर.

या कापाला कॉलेजात 'थिन सेक्शन' म्हणतात, आणि घाईत नुसतं 'स्लाइड'. तो करणं हे भूशास्त्र विभागातलं सर्वांत मळकट, ओलं आणि चिकाटीचं काम.

सुरुवात सहलीतच होते. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यापाशी हातोडीने आतला ताजा तुकडा काढायचा, कारण वरची साल ऊनपावसाने कुजलेली असते. त्यावर जागीच नंबर घालायचा. बिननंबरचा नमुना म्हणजे नुसता धोंडा. प्रयोगशाळेत हिऱ्याची धार बसवलेल्या करवतीवर टपाल तिकिटाएवढी चकती कापतात. तिची एक बाजू काचेवर किंवा फिरत्या तबकडीवर पाणी आणि कार्बोरंडमची पूड घालून घासतात, आधी भरड पुडीने, मग बारीक, मग आणखी बारीक. दर वेळी चकती, काच आणि स्वतःची नखंसुद्धा धुवायची. भरड पुडीचा एक कण मागे राहिला तरी तो बारीक घासणीत ओरखडे पाडतो.

मग चिकटवणं. जुनी रीत कॅनडा बाल्समची. हा झाडाचा डिंक काचपट्टीवर तापवायचा. कमी शिजला तर काप सरकतो, जास्त शिजला तर ठिसूळ होऊन काप तडकून निघतो. थेंब गार करून त्यावर नख टेकवून अंदाज घेतात. हल्ली बहुतेक ठिकाणी इपॉक्सी वापरतात. त्यात कौशल्य कमी लागतं आणि धूरही होत नाही. बुडबुडा मात्र दोन्हींत शत्रूच.

यानंतर दुसरी बाजू. चकती झिजत जाते आणि एका क्षणी काळ्याचं करडं होतं, करड्याचं धुरकट. इथून पुढे मोजपट्टी उपयोगाची नाही, डोळाच लागतो. काप धुवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि निकॉल्स क्रॉस करून, म्हणजे कापाच्या खालचा आणि वरचा असे दोन ध्रुवक काटकोनात आणून, प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचा रंग पाहायचा. पिवळा-तांबडा दिसला तर काप अजून जाड. करडा-पांढरा आला की थांबायचं. इथे आणखी एकदाच घासतो म्हणणाऱ्याचा काप कडेकडेने विरतो आणि काचेवर डिंक तेवढा उरतो. पोकळ्या असलेला बेसाल्ट तर मुलांची परीक्षाच घेतो, कारण पोकळीतले झिओलाइट घासताना निखळतात. मुरूम किंवा दोन थरांमधली लाल माती असेल तर ती आधी राळेत मुरवून घट्ट करावी लागते.

या खटाटोपाचा इतिहास जवळपास दोनशे वर्षांचा आहे. एडिंबरोच्या विल्यम निकॉलने १८२८ मध्ये आइसलँडच्या पारदर्शक कॅल्साइटचा लोलक करून ध्रुवित प्रकाश मिळवला. जीवाश्म झालेल्या लाकडाचे पातळ काप करून पाहणाराही तोच. पुढे शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने खडकांचे काप करायला घेतले आणि १८५८ मध्ये स्फटिकांच्या सूक्ष्म रचनेवर निबंध छापला. डोंगर का सूक्ष्मदर्शकातून पाहायचा असतो, असा तेव्हाच्या अनेकांचा सूर होता. जर्मनीत झिर्केल या भूशास्त्रज्ञाने ही रीत उचलून धरली आणि मग ती सगळीकडे गेली. आज निकॉलच्या लोलकाच्या जागी पोलरॉइडची पातळ पट्टी असते. नाव मात्र निकॉलचंच चालतं.

सूक्ष्मदर्शकाच्या गोल फिरत्या मंचावर बेसाल्टचा काप ठेवला की काळा दगड संपतो. प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्यांवर पांढऱ्या-काळ्या रेघा, मंच फिरवला की पांढऱ्याच्या काळ्या आणि काळ्याच्या पांढऱ्या होणाऱ्या. त्यांच्यामध्ये ऑजाइटचे निळे-नारिंगी ठिपके. भेगाळलेलं ऑलिव्हिन, बऱ्याचदा कडेने तांबूस कुजलेलं. आणि काही भाग काळेच. त्यातलं लोहखनिज कोणतं आणि काच कोणती हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न. वरचं निकॉल काढा: लोहखनिज काळंच राहतं, काच तपकिरी दिसते. उत्तर एका ओळीचं आहे, पण ज्याने वरचं निकॉल काढायची खटकी स्वतः ओढलेली नाही तो इथे हमखास अडखळतो.

कणांच्या आकारावरून लाव्हा किती सावकाश निवला ते कळतं. थराच्या वरच्या-खालच्या अंगाला कण बारीक आणि मध्यभागी मोठे. सह्याद्रीत काही थर असेही आहेत की ज्यांत प्लॅजिओक्लेजचे स्फटिक चांगले काही सेंटिमीटर लांब. ते लाव्हा बाहेर पडण्याआधी खाली शिलारसाच्या कोठारात वाढलेले, आणि म्हणून थर जुळवताना खुणेसारखे उपयोगी.

सगळ्यांत थरारक काप मात्र लोणारचा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसाल्टमध्येच आहे, त्यामुळे ते ज्वालामुखीचं असावं ही शंका अगदी रास्त होती. ते उल्कापाताचं असल्याचा पुरावा १९७३ मध्ये छापून आला आणि त्यातला मोठा वाटा कापांचा होता. तिथल्या काही नमुन्यांत प्लॅजिओक्लेजचा आकार जसाच्या तसा आहे, साध्या प्रकाशात तो नेहमीसारखा स्वच्छ दिसतो. पण निकॉल्स क्रॉस केले की काळा, आणि मंच कितीही फिरवा, काळाच. स्फटिक न वितळता आघाताच्या दाबाने जागच्या जागी काच झालेला. या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. एवढा दाब ज्वालामुखी देत नाही.

हल्ली तयार स्लाइडचे संच पेटीतून विकत मिळतात. पेटीतला काप निर्दोष असतो, रंग पुस्तकातल्यासारखे, आणि बॅचमधली सगळी मुलं तोच एक काप पाहून जर्नल भरतात. शिकवायला ते सोयीचं आहे. विभागातला सेक्शन कटर निवृत्त होऊन पद रिकामं राहिलं तर दुसरा इलाजही नसतो. तरी माझं मत असं की पदवी घेण्याआधी प्रत्येकाने एक तरी काप स्वतः घासावा, तोही स्वतः फोडून आणलेल्या दगडाचा. जाड राहिलेल्या कापात रंग खोटं बोलतात, क्वार्ट्झ पिवळं दिसतं. हे ज्याने हाताने केलं त्याला दुसऱ्याच्या स्लाइडवर आंधळेपणाने विश्वास ठेवण्याची सवय लागत नाही.

आणि ही नुसती प्रयोगशाळेतल्या कौतुकाची कला नाही. धरण किंवा बोगद्याच्या काँक्रीटमध्ये जी खडी जाते तिचे काप करून तपासण्याची पद्धत भारतीय मानक २३८६ च्या आठव्या भागात १९६३ पासून लिहिलेली आहे. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडोनी (क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) भरलेली असेल किंवा काचेचं प्रमाण जास्त असेल तर सिमेंटमधल्या अल्कलीशी त्याची हळूहळू प्रक्रिया होते, जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि काही वर्षांनी काँक्रीटला जाळीसारख्या भेगा पडतात. खाणीवर उभं राहून दोन काळ्या दगडांतला हा फरक सांगता येईलच असं नाही. नमुना प्रयोगशाळेत येतो, त्याचा काप होतो, भूशास्त्राची पदवी घेतलेलं कुणीतरी तो मंचावर ठेवून काच किती, कॅल्सेडोनी किती ते मोजतं आणि अहवालावर सही करतं. खाण बदलायची की सिमेंट, ते मग त्या अहवालावर ठरतं.