न्यूयॉर्क किती कोस?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादा शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाला. आजीने विचारले, "किती लांब रे ते?" "सोळा तास," दादा म्हणाला. "तास नको, कोस सांग!" दादाने माझ्याकडे बोट दाखवले. भूगोल मी घेतला होता ना!

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. मुंबईची रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला टेकली. त्या वाटेने अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल! मोसंब्याची साल फाटल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही. नकाशा फाटत नाही, तो ताणला जातो. ध्रुवांकडे तर फारच.

मग विभागातला पृथ्वीगोल मागून आणला आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा दोन शहरांमध्ये ताणून धरला. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तो पश्चिमेला न जाता चक्क वर सरकला : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलँड करीत कॅनडावरून खाली उतरला. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४. पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. दोरा भरला साडेएकोणतीस सेंटिमीटर. त्रैराशिकाने उत्तर आले साधारण १२,५०० किलोमीटर.

पडताळ्यासाठी त्रिकोणमिती काढली. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. मग त्यांच्याच कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील अंतराच्या कोसाइनने गुणायचे. दोहोंची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. पहिल्या खेपेस उत्तर आले २,४०० किलोमीटर! एक रेखांश पूर्व, दुसरा पश्चिम. तेथे वजाबाकी नव्हे, बेरीज हवी. माझ्या चुकीने न्यूयॉर्क किरगिझस्तानात जाऊन बसले होते. रेखांशांतील अंतर १४६.७ धरले तेव्हा कोन आला सुमारे ११२.७ अंश. दर अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे १२,५३० च्या घरात. दोऱ्याने लाज राखली. (पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने थोडा फरक पडतो, तो आजीला सांगितला नाही.)

पण हे झाले कमीत कमी अंतर. आकाशालाही कुंपणे असतात. २०२२ मध्ये रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दादाचे विमान भारतीय कंपनीचे. गोलावर पाकिस्तानच्या जागी बोट ठेवून दोरा बाजूने नेला, तर तो न्यूयॉर्कला पोहोचेना.

दोन मैलांचा कोस धरून आजीला सांगितले, "३,९०० कोस. वर वळसा वेगळा." तिला काही उमगले नाही. मग आठवले, आळंदी ते पंढरपूर पायी अंदाजे अडीचशे किलोमीटर. म्हणाले, "आजी, पन्नास वाऱ्या."

आजी बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "माझ्या अकरा झाल्या," ती म्हणाली.