पापणीची घडी आणि पडलेली पापणी : ऑपरेशन कुणाला लागतं, कुणाला नाही?

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आपा, डबल आयलिड सर्जरीला किती खर्च येतो?" तिच्या एका डोळ्याची घडी ठळक, दुसऱ्याची जरा पुसट. पुसट बाजूला तिने चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला होता आणि तिथली कातडी लाल झाली होती. कोरियन मालिका आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हे डोक्यात आलेलं. करमाळ्यासारख्या गावात हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. तिला रागावण्याऐवजी आधी स्वतः समजून घेतलं. ते आपल्या वाचकांसमोर ठेवते.

आरशासमोर उभे राहा आणि डोळे उघडे ठेवून वरच्या पापणीकडे बघा. पापण्यांच्या केसांच्या थोडं वर एक आडवी घडी दिसेल. आपल्यापैकी बहुतेकांना ती जन्मापासूनच असते. पापणी वर उचलणारा एक स्नायू आत असतो. त्याचे बारीक तंतू पापणीच्या कातडीला धरलेले असतात. डोळा उघडला की हे तंतू कातडी आत ओढतात आणि घडी पडते. काहींच्या पापणीत हे तंतू कातडीपर्यंत पोहोचत नाहीत, आतली चरबीही जरा खाली उतरलेली असते, म्हणून घडी पडत नाही. चीन, जपान, कोरिया या भागातल्या साधारण निम्म्या लोकांचे डोळे असे असतात. हा आजार नाही. घडी असो वा नसो, नजर सारखीच.

म्हणजे "डबल आयलिड" या नावात थोडी फसगत आहे. ऑपरेशनने दुसरी पापणी तयार होत नाही, फक्त घडी पाडली जाते. त्याच्या मुख्य दोन पद्धती आहेत. एकीत छेद न घेता आतून बारीक टाके घालून कातडी बांधतात. ही घडी काही वर्षांनी सैल पडून जाऊ शकते. दुसरीत कातडीला छेद देतात, गरजेप्रमाणे थोडी कातडी व चरबी काढतात. ही घडी टिकते, पण व्रण राहतो आणि चूक झाली तर दुरुस्ती अवघड जाते. दोन्हींत बहुधा तेवढाच भाग बधिर करतात. सूज एक-दोन आठवडे राहते, डोळे पूर्ण बसायला काही महिने जातात. दोन डोळे वेगळे दिसणं, डोळा नीट न मिटणं, डोळे कोरडे पडणं, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. क्वचित डोळ्यामागे रक्त साठतं, आणि त्यात नजरही जाऊ शकते.

या ऑपरेशनची पहिली लेखी नोंद १८९६ ची, जपानमधल्या मिकाम्यो नावाच्या डॉक्टरांची. १९५०-५३ च्या युद्धानंतर कोरियात मिलार्ड नावाच्या अमेरिकन सर्जनने अशी ऑपरेशनं केली आणि पुढे तिथे त्याचं मोठं प्रस्थ झालं.

आता आपल्याकडचं बघू. आपल्या भागात पापणीचा खरा प्रश्न घडीचा नाही, पडलेल्या पापणीचा आहे. वैद्यकीय भाषेत त्याला टोसिस म्हणतात. काही बाळांचा पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच कमजोर असतो. एक पापणी, कधी दोन्ही, अर्ध्या मिटलेल्या राहतात. असं मूल समोरचं बघायला हनुवटी वर करतं, भुवया ताणतं.

हे मला फार उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी पाचवीत एक मुलगा होता. फळ्याकडे बघताना मान मागे टाकायचा. "असा ऐटीत काय बघतोस? सरळ बस!" असं मी त्याला चारचौघांत दोन-तीनदा बोलले. पोरं हसली. नंतर त्याची आजी शाळेत आली तेव्हा कळलं, की एक पापणी जन्मापासून पडलेली आहे. "ग्रहणात सुनेनं विळी हातात घेतली होती बेटा, त्याचं झालं," असं ती म्हणाली. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, पापणी उचलता येईल, पण त्या डोळ्याची नजर पूर्ण येणार नाही. चार-पाच वर्षांचा असताना आणायला हवं होतं.

असं का? लहानपणी डोळा आणि मेंदू मिळून बघायला शिकत असतात. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे शिक्षण चालतं. पापणीने बाहुली झाकली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. बाहुली झाकली जात असेल तर लवकरात लवकर, नाहीतर बहुधा शाळेत जाण्याआधी ऑपरेशन करतात. स्नायूत थोडी ताकद असेल तर तो आखूड करून बसवतात. ताकदच नसेल तर मांडीतल्या पट्टीने किंवा सिलिकॉनच्या दोरीने पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग भुवई उचलली की पापणी उचलते.

ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. कुणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही, असं त्यांनी तेव्हाच लोकांना सांगितलं. तरी आपल्या घरांत सुनेला दोष देणं चालूच आहे.

अनेक घरांत दुसरी अडचण असते : "अल्लाहने दिलेल्या चेहऱ्याला हात लावायचा का?" मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण हदीसमध्ये अर्फजा बिन असद (र.) यांचा किस्सा आहे. लढाईत नाक गेलं, चांदीचं बसवलं, ते सडायला लागलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्रजया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही जन्मजात दोष किंवा इजा दुरुस्त करणं आणि गरज नसताना रूप बदलणं यांत फरक केला. पडलेली पापणी उचलणं हा इलाज आहे, हौस नव्हे. शंका असेल तर आपल्या मौलानांना डॉक्टरांचा कागद दाखवून विचारा.

पालकांनी इतकं करावं. मुलाची पापणी बाहुलीवर येते का, ते हनुवटी वर करून बघतं का, हे पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातून, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. इथून पुढे सोलापूरच्या सिव्हिलला नेत्रविभाग आहे. आणि पापणी अचानक पडली, सोबत डोकं दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हौसेने घडी पाडून घ्यायची असेल, तर तो सज्ञान माणसाचा निर्णय आहे, नववीतल्या मुलीचा नाही. पार्लरमध्ये तर मुळीच नको. आणि चिकटपट्टी रोज लावून कातडी सैल पडते, पुरळ उठतं.

एक गोष्ट वर्गात सगळ्यांसमोर बोलले. ईशान्य भारतातल्या मुलांना त्यांच्या डोळ्यांवरून चिडवणारा जो शब्द आपण सहज वापरतो, तो अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उद्देशून वापरला तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करा, असं केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. डोळ्यावरून कुणाला हसायचं नाही, हा नियम मी आधी स्वतःला लावला आहे.

त्या मुलीने पट्टी काढली. लाली चार दिवसांत गेली. परवा म्हणाली, "आपा, माझ्या अम्मीचीपण एक घडी पुसट आहे. मी कधी बघितलंच नव्हतं."