खोली भाड्याने देताय? आधी कागद करा



खोपोलीच्या कारखान्यांत कामाला येणारे, कर्जत-नेरळहून लोकलने रोज मुंबईला जाणारे, कॉलेजची मुलं, सगळ्यांनाच राहायला खोली लागते. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणींनी घराला लागून एक-दोन खोल्या काढल्यात, कोणी गटाचं कर्ज घेऊन, कोणी दागिने गहाण ठेवून. कर्जाचा हप्ता त्याच भाड्यातून जातो. पण व्यवहार बहुतेक वेळा तोंडी. "ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला?" असं आपण म्हणतो. खोली दिली की कायद्याने तुम्ही 'घरमालक' होता आणि त्याबरोबर काही जबाबदाऱ्या येतात, हे लक्षात राहत नाही.

करार कोणी नोंदवायचा?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. तुमचं भाडं ठरलंय ३,००० आणि तो म्हणाला २,०००, तर ३,००० ठरलं होतं हे सिद्ध करायचं काम तुमचं.

अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केला की झालं, असा समज आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. नोंदणी तालुक्याच्या रजिस्टर ऑफिसात, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात होते. लिव्ह अँड लायसन्सचा करार आधार वापरून ऑनलाइनही नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ११ महिन्यांचं ३,००० प्रमाणे ३३,००० भाडं धरलं, तर ते शंभराच्या आत-बाहेर येतं. नोंदणी फी आणि करून देणाऱ्याचा खर्च वेगळा.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो. आपलं गाव त्यात येतं का, ते विचारून घ्या. येत नसलं तरी नोंदलेला करार हाच तुमचा सगळ्यात पक्का पुरावा.

घरमालकिणीने हे पाळायचं
• भाडं घेतलं की पावती द्यायची.
• छप्पर गळतंय, संडास तुंबलाय, तर दुरुस्ती आपणच करायची. करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी.
• भाडं थकलं म्हणून लाईट-पाणी तोडायचं नाही, सामान बाहेर टाकायचं नाही. लाईट-पाणी तोडणं हा कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. खोली रिकामी करून घ्यायचा रस्ता नोटीस आणि कायद्याचाच.
• भाडेकरूची माहिती आणि फोटो जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचा.

ज्या ताई स्वतः भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी हीच यादी हक्कांची आहे.

उतारा कोणाच्या नावावर आहे?
भाडं तुम्ही गोळा करता, भांडण तुम्ही निस्तरता. पण नमुना ८ चा उतारा सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर करारही त्यांच्याच नावाने होतो. उद्या घरात वाटणी आली की "खोली मी बांधली" याला कागद राहत नाही. ग्रामपंचायतीत घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करता येते. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दोघांच्या सहीने अर्ज द्या आणि पोच घ्या. वाढीव खोलीची नोंद आणि घरपट्टीही तिथेच बघा. कर्जत, खोपोली आणि खालापूर शहरात राहणाऱ्यांनी हेच काम नगरपरिषदेत किंवा नगरपंचायतीत करायचं.

वाडीवरच्या ताईंनी आणखी एक लक्षात ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्यानेही द्यायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. फार्महाऊसवाला कोऱ्या कागदावर अंगठा मागत असेल, तर देऊ नका.

अडचण आली तर
तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला तिथे वकील मोफत मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे.

पुढच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. कोणी कोणी खोली दिली आहे आणि किती जणींकडे नोंदलेला करार आहे, याची यादी करा आणि ग्रामसंघात द्या. पाच-सहा जणी निघाल्या तर एकाच दिवशी सगळ्या मिळून रजिस्टर ऑफिसात जाऊ. मी बरोबर येईन. येताना आधार कार्ड, उतारा, घरपट्टीची पावती आणि दोन साक्षीदार आणा.