सासऱ्यालाच समजला सराईवाला!

ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘शी स्टूप्स टू कॉन्कर’चा पहिला प्रयोग १५ मार्च १७७३ रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात झाला. व्यवस्थापक जॉर्ज कोलमन यांना हे नाटक चालेल असे वाटत नव्हते. ते रंगमंचावर आणण्यासाठी गोल्डस्मिथचे मित्र डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना आपले वजन खर्ची घालावे लागले.

नायक मार्लो खानदानी मुलींसमोर गारठतो, मोलकरणींशी मात्र बिनधास्त बोलतो. नायिका केटला बघायला निघालेल्या या पाहुण्याला तिचा सावत्र भाऊ टोनी चकवतो आणि तिचेच घर सराई म्हणून दाखवतो. मग मार्लो होणाऱ्या सासऱ्यालाच हुकूम सोडतो, जेवणाच्या यादीत खोड्या काढतो.

मार्लो आणि केटची पहिली भेट मुद्दाम सावकाश वाचावी. मार्लो मान खाली घालून वाक्ये अर्धवट सोडतो, ती पुरी करते केट. त्याने तिचा चेहरा नीट पाहिलेलाच नसतो. वडिलांशी ठरल्याप्रमाणे केट सकाळी झगमगीत पोशाख करते आणि संध्याकाळी साधा. त्या साध्या वेशात तो तिला मोलकरीण समजतो. केट त्याचा गैरसमज दूर करत नाही. उलट त्याच आडोशाने त्याचा खरा स्वभाव पारखून घेते.

गैरसमजावर बेतलेली नाटके पुष्कळ आहेत, पण मुलाची पारख मुलीनेच करायची ही सोय अठराव्या शतकातल्या या नाटकाने दिली. केटसाठी ते वाचायलाच हवे.