अरुंद विमान, आडवी झोप

समुद्र ओलांडायचा तर विमान दोन आइलचं, धिप्पाडच हवं, हा समज १९७० नंतर रुजला. त्या वर्षीच्या जानेवारीत पॅन ॲमचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला गेलं आणि प्रवाशांच्या अपेक्षा रुंदावल्या. त्याआधीची बारा वर्षं जेट विमानांनी अटलांटिक पार केला तो मधे एकच वाट असलेल्या विमानांतून. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन ॲमचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि वाटेत न्यूफाउंडलंडमधल्या गँडरला इंधन भरायला उतरलं. त्या ७०७ची बाहेरची रुंदी ३.७६ मीटर. आपल्याकडे अकासा उडवते त्या ७३७ची रुंदीही तेवढीच, कारण बोईंगने तोच साचा पुढे चालवला. तेव्हा एका आइलच्या विमानातून अमेरिकेला जाणं म्हणजे विमान कंपन्यांनी काढलेला नवा काटकसरीचा मार्ग, असं म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या अरुंद नळीत हजारो डॉलर मोजून बिझनेस क्लासमध्ये बसणाऱ्याला नेमकं काय मिळतं?

ही विमानं मधल्या काळात मागे का पडली आणि परत का आली, हे आधी पाहू. दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जायचं नाही, असा अमेरिकेत नियम होता. उत्तर अटलांटिकवर तो पाळायचा तर वाट वाकडी करावी लागे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर नेण्यात आली आणि दोन इंजिनांना सरळ वाट मोकळी झाली. त्याचा पुरेपूर फायदा बोईंग ७५७ने उठवला. अंगाने सडपातळ, पण इंजिनं दणकट. कॉन्टिनेंटल कंपनीने नेवार्कहून युरोपातल्या मधल्या आकाराच्या शहरांना जोडणारं जाळं याच विमानावर विणलं. तीनशे प्रवासी रोज मिळणार नाहीत, पण पावणेदोनशे मिळतील, असे ते मार्ग.

मात्र वाऱ्यापुढे या विमानांचं फार चालत नसे. अटलांटिकवरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या रेट्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. उलट दिशेला जाणाऱ्याला तोच वारा तोंडावर येतो. २०११-१२च्या हिवाळ्यात युरोपातून अमेरिकेकडे निघालेल्या कितीतरी ७५७ विमानांना पुन्हा त्याच गँडरला किंवा आसपास कुठेतरी इंधनासाठी उतरावं लागलं. त्यात ७५७चं उत्पादन २००४ मध्येच थांबलेलं. बोईंगने त्याला थेट वारस दिलाच नाही. ही जागा एअरबसने भरली. ए३२१एलआर साधारण ७,४०० किलोमीटर जातं, तर ए३२१एक्सएलआरचा कंपनीने सांगितलेला पल्ला ८,७०० किलोमीटरचा. एक्सएलआरमध्ये चाकांच्या कप्प्यामागे, पोटातच घडवलेली १२,९०० लिटरची टाकी आहे. प्रवाशांच्या पायाखाली एवढं इंधन म्हटल्यावर युरोपच्या नियामकांनी आगीपासून जादा संरक्षण मागितलं. ते देऊन जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि नोव्हेंबरात आयबेरियाने माद्रिद-बोस्टन मार्गावर हे विमान पहिल्यांदा अटलांटिकपार नेलं. एअर लिंगसने २०२५ मध्ये डब्लिनहून नॅशव्हिल आणि इंडियानापोलिस सुरू केलं. इंडियानापोलिसहून रोज एक मोठं विमान भरून युरोपला जाईल, असं कुणीही शहाणा हिशेबनीस म्हणणार नाही.

आता आतल्या भूमितीकडे वळू, कारण पैसे वसूल होतात की नाही ते इथेच ठरतं. ए३२१ची आतली रुंदी ३.७० मीटर. त्यातली अर्धा मीटर मधली वाट वजा केली, की दोन्ही बाजूंना मिळून सव्वातीन मीटरही उरत नाहीत. एवढ्यात माणसाला आडवं करायचं. सोपी रचना दोन-दोनची. प्रत्येक बाजूला दोन सीटा, दोन्ही सरळ पुढे तोंड करून, दोन्हींचे पलंग होणार. पॅरिसहून नेवार्कला फक्त बिझनेस क्लास नेणाऱ्या ला कॉम्पॅनीच्या ए३२१मध्ये अशा ७६ सीटा आहेत. जोडप्याने जायचं तर उत्तम. शेजारी अनोळखी असला तर मात्र खासगी स्लीपर बसच्या डबल बर्थवर आतल्या बाजूला झोपणाऱ्याची जी पंचाईत होते, तीच खिडकीवाल्याची. रात्री उठायचं तर पसरलेल्या पायांवरून ढांग टाकायची, तीही मोजे घातलेल्या पायांनी, अंधारात, समोरच्या सीटची पाठ धरून.

दुसरी रचना मिश्र. एअर लिंगसच्या ए३२१एलआरमध्ये एका रांगेत दोन-दोन, पुढच्या रांगेत एक-एक, असं आलटून पालटून चालतं. झोपलेल्याचे पाय पुढच्या रांगेतल्या सीटांशेजारच्या कपाटवजा पोकळीत जातात. एकूण १६ सीटा, त्यांतल्या चारच एकट्या. त्यांना प्रवासी कौतुकाने सिंहासन म्हणतात आणि त्या आधीच कुणीतरी पटकावलेल्या असतात. दोन्ही बाजूंना सामान ठेवायला फळी, शेजारी कुणी नाही. त्याच विमानात, त्याच भाड्यात मागच्या रांगेतला माणूस दुसऱ्याच्या पायांवरून ढांगा टाकत असतो.

तिसरी रचना सगळ्यांना एकटं बसवते. जेटब्लूने ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडन सुरू केलं तेव्हा ए३२१एलआरमध्ये २४ सीटा प्रत्येक बाजूला एक अशा मांडल्या, प्रत्येकीला सरकतं दार. सरळ ठेवल्या असत्या तर इतक्या मावल्या नसत्या, म्हणून तिरक्या. डोकं खिडकीकडे, पाय वाटेकडे. त्यामुळे शेजारी नाही, पण खिडकीही पाठीशी जाते. ग्रीनलंडचा बर्फ बघायचा तर मान पुरती मागे वळवावी लागते. तिरक्या सीटच्या पट्ट्यात एअरबॅग असते, म्हणून तो नेहमीपेक्षा जाड आणि बोजड लागतो. धक्का बसला तर शरीर सरळ पुढे न जाता बाजूला फेकलं जातं, त्यासाठीची ही सोय.

माझ्या मते सगळी मेख या शेजाऱ्यात आहे. विमान किती रुंद यापेक्षा उठताना कुणाला ओलांडावं लागतं का, हे महत्त्वाचं. मोठी विमानं यात आपोआप पहिली येतात, हाही गैरसमजच. काही कंपन्यांनी वर्षानुवर्षं ७७७मध्ये दोन-चार-दोन अशा आठ सीटांची बिझनेस रांग चालवली, त्यातल्या काही तर उलट्या तोंडाच्या. तिथे रुंदी भरपूर होती, तरी खिडकीवाला अडकलेलाच.

अरुंदपणाची खरी किंमत द्यावी लागते ती इतरत्र. पुढच्या भागात बहुतेक वेळा एकच स्वच्छतागृह असतं आणि ते वैमानिकही वापरतात. वैमानिक बाहेर आला की केबिन क्रू जेवणाची ट्रॉली वाटेत आडवी लावून उभे राहतात, ११ सप्टेंबरनंतरच्या सुरक्षेची ही रीत. तोवर तुम्ही हातात टूथब्रश घेऊन ताटकळायचं. बहुतेक ठिकाणी चढायचं दार पुढचंच, त्यामुळे तुमच्या शॅम्पेनच्या ग्लासाला पाठीवरच्या सॅका घासत अख्खी इकॉनॉमी मागे जाते. हवेचा दाबही वेगळा. ए३५० किंवा ७८७च्या आत सहा हजार फुटांवर असल्यासारखी हवा राखतात, ए३२१मध्ये ती आठ हजार फुटांपर्यंत जाते. सहा-सात तासांत फार फरक पडत नाही, दहा तासांत पडेल. जमेच्या बाजूला, बिझनेसच्या सीटा इंजिनांच्या बऱ्याच पुढे असल्याने तिथे आवाज कमी. आणि उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत तुमच्याच विमानातले तीनशे जण पुढे नसतात.

आजवरचा सगळ्यात मजेदार प्रयोग ब्रिटिश एअरवेजचा. २००९ मध्ये त्यांनी लंडनच्या सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला ए३१८ सुरू केलं, आत फक्त ३२ बिझनेस सीटा आणि उड्डाणाचा क्रमांक एक, जो पूर्वी काँकॉर्डचा होता. सिटीची धावपट्टी जेमतेम दीड किलोमीटरची. पूर्ण इंधन भरून तिथून उडता येत नसे, म्हणून जाताना विमान आयर्लंडच्या शॅननला थांबे. या अडचणीचं त्यांनी सोनं केलं. शॅननला अमेरिकेच्या इमिग्रेशनची चौकी आहे. इंधन भरेपर्यंत प्रवाशांचे शिक्के उरकत आणि न्यूयॉर्कला ते देशांतर्गत प्रवाशांसारखे थेट बाहेर पडत. करोनाने २०२० मध्ये ही सेवा संपवली. त्याआधी ७५७मध्ये केवळ ४८ सीटा ठेवून लंडन-न्यूयॉर्क करणारी इऑस २००८ मध्ये बुडाली होती. बिझनेस क्लासच्याच जिवावर चालणारी कंपनी तेल महागलं आणि बँका डळमळल्या की पहिली जाते, कारण सीट रिकामी राहिली तर भरायला मागे इकॉनॉमी नसते.

याच घराण्यातलं एक विमान पुण्यालाही येत असे. लुफ्थान्झाने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं ते प्रिव्हॅटएअर या स्विस कंपनीकडून चालवून घेतलेल्या एका आइलच्या विमानाने. लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीवर मोठं जेट लांब पल्ल्याचं इंधन भरून उडवणं अवघड, आणि चाकण-हिंजवडीच्या जर्मन कंपन्यांना तर थेट विमान हवं होतं.

मुंबईहून युरोपमार्गे बोस्टनला जाणाऱ्याच्या तिकिटावर आता दुसऱ्या टप्प्याला ए३२१ लिहिलेलं दिसू शकतं. घाबरू नये, पण आसनांचा नकाशा उघडून रांग तपासावी. दिशाही बघावी. अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमानं दिवसा उडतात, तेव्हा पलंगाचा उपयोग पुस्तक वाचायला. परतीचं विमान रात्रीचं आणि आखूड. न्यूयॉर्क-लंडन साडेसहा-सात तास, बोस्टन-डब्लिन त्याहून कमी. जेवण आणि उतरण्याची तयारी वगळली तर झोपेला चार तास उरतात. एकाच बाजूचं बिझनेस परवडत असेल तर ते पूर्वेकडे येतानाचं घ्यावं आणि जेवण लाउंजमध्येच उरकून विमानात चढावं. एकेरी तिकीट काही कंपन्या रास्त भावात देतात, काहींकडे ते परतीच्या तिकिटाहून महाग पडतं. ते मात्र आधी विचारून घ्या.