झाड थंडीने नव्हे, उन्हाने मरते

झाड विकत घेताना आपण आधी फूल पाहतो. मीही तेच केले. मागे एका डिसेंबरात गोंदियाच्या बाजारात एक झाड दिसले, सोबत निळ्या फुलांच्या गुच्छाचे चित्र. नाव हायड्रेंजिया. "थंडीत मरत नाही," असे विकणाऱ्याने छातीठोक सांगितले. दिवसाच्या मजुरीएवढे पैसे मोजून ते कुडव्याला आणले. थंडीत ते खरेच मेले नाही. एप्रिलमध्ये मात्र दोन वेळा पाणी देऊनही पाने करपली आणि मे उजाडेपर्यंत नुसती काडी उरली.

विकणारा खोटे बोलला नव्हता. हे झाड शिमला, दार्जिलिंग, उटीकडे छान फुलते. बर्फाच्या देशांतले लोक त्याची जात निवडताना विचारतात, कळी कोणत्या फांदीवर येते? जुन्या फांदीवर येत असेल तर ती हिमाने जळते. पॅनिक्युलाटा ही जात नव्या फांदीवर फुलते, म्हणून तिकडे ती पसंत. आपण विचारायचे ते वेगळे: मे महिन्यात याचे काय होईल? आपल्याकडे जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, शेकोट्या पेटतात. पण झाडे मरतात ती ४५ अंशांच्या उन्हाने.

थंडीचे फूल हवे तर शेवंती घ्या. रात्र लांबली की तिला कळी धरते. म्हणून कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवू नका, नुसती पाने वाढतील. फुले संपली की दांडे बुडाशी कापा. फुटवे येतील, ते मुळांसकट वेगळे करून जुन्या डब्यांत लावा आणि उन्हाळाभर सावलीत ठेवा. पावसाळ्यात शेंडे खुडा, ऑगस्टनंतर मात्र हात लावू नका. एकदा घेतलेले रोप असे वर्षानुवर्षे पुरते, शेजारणीलाही देता येते.

उन्हाळ्याला मोगरा. जानेवारीत पाणी तोडून छाटणी करा, मार्चपासून बहर येतो. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा ऐन उन्हात येतात. घरचा मोगरा असला की हारासाठी बाजार गाठावा लागत नाही.

कन्हार मातीत पावसाचे पाणी साचते, तिथे रोप उंचवट्यावर लावा. सिहार मातीत पाणी लवकर झिरपते, तिथे शेणखत जास्त घाला. उन्हाळ्यात बुंध्याशी धानाची तनस अंथरा, ओल टिकते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी खुशाल घाला, साबणाचे नको.

माझ्या त्या रिकाम्या कुंडीत आता शेवंतीचे फुटवे आहेत.