गळ्यातली गाठ आणि उष्णतेची सुई

आरशासमोर कुंकू लावताना एखाद्या बाईला गळ्याशी गाठ दिसते. गिळताना ती वरखाली होते. मनात पहिला प्रश्न येतो, हा कॅन्सर तर नव्हे? आणि दुसरा, गळा कापावा लागेल का? श्रोतेहो, या दोन प्रश्नांविषयीच आज थोडे बोलू.

कंठाच्या पुढल्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची भट्टी किती वेगाने जळावी, हे तीच ठरवते. तिच्यात गाठी होणे फारसे नवलाचे नाही. बायकांत त्या अधिक आढळतात, आणि बहुसंख्य गाठी साध्या असतात. पुष्कळांना अधूनमधून तपासून घेणे एवढेच पुरते.

पण गाठ वाढून घास अडकू लागला किंवा गळा दाटल्यासारखा वाटू लागला, तर? आजवरचा सरधोपट मार्ग म्हणजे शस्त्रक्रिया. तीत मानेवर व्रण राहतो, आणि सगळी ग्रंथी काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते.

आता दुसरीही एक वाट आहे. इटलीतील डॉक्टरांनी २००० साली लेसरचा, तर कोरियातील डॉक्टरांनी २००६ साली उच्च कंप्रतेच्या विजेचा या कामी केलेला उपयोग प्रसिद्ध केला. यात रोगी जागाच असतो. गळ्याची जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, एक बारीक सुई गाठीत नेतात. तळहात एकमेकांवर घासले की ऊब येते ना? तशीच या विजेने सुईच्या टोकाभोवतीचे कण थरथरून उष्णता निर्माण होते. साठ अंश सेल्सिअसच्या वर पेशी जागीच मरतात. सुई थोडीथोडी सरकवत डॉक्टर गाठीचा एकेक भाग भाजून काढतात. बाकीची चांगली ग्रंथी शाबूत राहते.

गाठ मात्र त्याच दिवशी नाहीशी होत नाही. मेलेला भाग शरीर हळूहळू जिरवते. सहा महिने ते वर्षभरात ती बहुधा निम्म्याहून अधिक आकसते. काही गाठी पुन्हा वाढतात, आणि उपचार परत करावा लागतो.

धोका नाही असे नाही. आवाजाचा मज्जातंतू ग्रंथीच्या अगदी मागून जातो. त्याला आच लागली तर आवाज घोगरा होतो; तो बहुधा पुन्हा सुधारतो, पण शिक्षिकेची किंवा कीर्तनकाराची तर आवाजावरच भाकरी! म्हणून उपचार चालू असताना डॉक्टर रोग्याला मधूनमधून बोलायला लावतात.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कापून काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते, भाजलेली तशी येत नाही. म्हणून सुईने पेशी काढून, शक्यतो दोनदा, ती साधी असल्याची खात्री आधीच करून घ्यावी लागते. गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, तर शस्त्रक्रियाच बरी.

तेव्हा गाठ दिसली तर घाबरू नका, आणि लपवूही नका. आधी तपासणी, मग उपाय. हाच क्रम शहाणपणाचा.